पाळलेल्या माशाच्या पोटात काय जाते? खाद्यातील प्रथिनांचे जुने-नवे पर्याय

ठाणे आणि नवी मुंबईच्या खाडीकाठी मासळी हे रोजचे जेवण आहे. चेंदणी कोळीवाड्यापासून दिवाळ्यापर्यंत कोणत्याही मासळीबाजारात गेले तर ताजी मासळी भरपूर दिसते. मात्र त्यातली सगळी समुद्राने किंवा खाडीने दिलेली नसते. बोंबील, मांदेली, बांगडा ही समुद्राची मासळी. पण शेजारच्या पाटीतले रोहू-कटला, बासा म्हणून विकला जाणारा पंगस, एकाच आकाराची पांढरी व्हनामी कोळंबी, हे सगळे कुठल्या तरी तळ्यात, कोणी तरी खाद्य घालून वाढवलेले असतात. जगाच्या पातळीवरही हेच घडले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये पाळलेल्या जलचर प्राण्यांचे उत्पादन ९ कोटी ४४ लाख टन झाले आणि पकडून आणलेल्या मासळीपेक्षा ते प्रथमच जास्त भरले.

मत्स्यपालन वाढले की समुद्रावरचा भार आपोआप हलका होतो, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे, कारण पाळलेल्या माशालाही खायला लागते आणि त्याच्या खाद्यातला सर्वांत मोलाचा घटक बराच काळ समुद्रातूनच येत राहिला. तो घटक म्हणजे मासळीची भुकटी, व्यापाराच्या भाषेत फिशमील. बारीक मासळी शिजवायची, दाबून तिच्यातले पाणी आणि तेल काढायचे, उरलेला चोथा वाळवून दळायचा. शंभर किलो ओल्या मासळीतून साधारण साडेबावीस किलो भुकटी आणि पाचेक किलो तेल मिळते. या भुकटीत ६० ते ७२ टक्के प्रथिने असतात, ती माशाला सहज पचतात आणि तिच्या वासाने मासे खाद्याकडे धावतात. तळ्यात टाकलेले खाद्य खाल्ले गेले नाही तर तिथेच कुजून पाणी बिघडवते, म्हणून हा वाससुद्धा पैशाच्या मोलाचा असतो.

या भुकटीचा सर्वांत मोठा उत्पादक देश पेरू आहे. त्याच्या किनाऱ्यालगत खोल समुद्रातले थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते आणि त्यावर अँचोवेटा नावाची बोटभर लांबीची मासळी अफाट प्रमाणात पोसली जाते. एल निनोच्या वर्षी मात्र वरचे पाणी तापते, थंड पाणी वर येणे मंदावते आणि अँचोवेटा खोल किंवा दूर निघून जाते. १९७२-७३ मध्ये बेसुमार मासेमारी आणि एल निनो एकत्र आले आणि हा व्यवसाय जवळजवळ कोसळला. त्या वेळी भुकटी मुख्यतः कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात जात असे. ती मिळेनाशी झाल्यावर सगळे सोयाबीनकडे वळले, भाव भडकले आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर काही काळ बंदी घातली. पेरूच्या किनाऱ्यावरचे पाणी तापल्याने दुसऱ्या खंडातल्या पेंडीचा बाजार हलला. २०२३ मध्येही एल निनोमुळे पेरूला आपल्या मुख्य क्षेत्रातला पहिला हंगाम रद्द करावा लागला आणि भुकटीचे भाव पुन्हा चढले.

आपल्या किनाऱ्यावरही असा अनुभव आहे. भारतात भुकटी आणि तेलासाठी तारली मोठ्या प्रमाणात वापरली जाते. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. समुद्राचे तापमान, पाऊस, पिल्लांची मासेमारी अशी अनेक कारणे त्यामागे सांगितली जातात. कारण कोणतेही असो, ज्या कच्च्या मालाचे उत्पन्न असे वरखाली होते त्यावर वाढता उद्योग उभा राहू शकत नाही. आणि तारली ही काही केवळ कारखान्याची मासळी नव्हे. ती गरिबाच्या ताटातली स्वस्त, पौष्टिक मासळी आहे. ती दळून महागडी कोळंबी पोसायची आणि ती कोळंबी परदेशी पाठवायची, हा व्यवहार केवळ भावाच्या गणितात बसतो म्हणून मला पटत नाही.

पर्याय कोणता, हे ठरवण्याआधी माशाला नेमके काय हवे असते ते समजून घेतले पाहिजे. माशाला भुकटीची गरज नसते. त्याला अमिनो आम्ले लागतात. प्रथिन म्हणजे सुमारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची लांब साखळी. त्यांपैकी दहा माशाचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती खाद्यातूनच मिळावी लागतात. मोगरा आणि अबोली आलटून पालटून ओवून वेणी करायची असेल आणि अबोली संपली, तर मोगरा कितीही उरला तरी वेणी तिथेच थांबते. माशाच्या अंगात प्रथिने बांधली जातात तेव्हा अबोलीची जागा बहुधा मिथिओनिन किंवा लायसिन घेते. त्यांतले एक कमी पडले की बाकीची अमिनो आम्ले निरुपयोगी ठरतात. मासा ती जाळून ऊर्जा मिळवतो आणि त्यातला नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. म्हणजे महागडे प्रथिन वाया जाते आणि वर तळे विषारी होते.

ही नासाडी किती मोठी असते ते एका साध्या हिशेबाने दिसते. समजा, कोळंबीच्या खाद्यात ३५ टक्के प्रथिने आहेत आणि १ किलो कोळंबी वाढवायला १ किलो ४०० ग्रॅम खाद्य लागले. म्हणजे ४९० ग्रॅम प्रथिने तळ्यात गेली. तयार झालेल्या किलोभर कोळंबीच्या अंगात साधारण १८० ते २०० ग्रॅम प्रथिने असतात. उरलेली जवळपास ६० टक्के पाण्यात आणि गाळात गेली. मत्स्यपालनाच्या एकूण खर्चात निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो आणि खाद्यात सर्वांत महाग घटक प्रथिनांचा, म्हणून पर्यायी प्रथिनाची परीक्षा ‘त्यात किती टक्के प्रथिने आहेत’ या प्रश्नावर संपत नाही. त्यातली किती पचतात, अमिनो आम्लांचा मेळ कसा आहे आणि शेवटी माशाच्या अंगी किती लागते, हे पाहावे लागते.

खाद्याच्या गोणीवर ‘क्रूड प्रोटीन’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो कसा येतो हेही माहीत असलेले बरे. योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये दिलेल्या पद्धतीने नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरलेले आहे. प्रथिन प्रत्यक्षात कोणी मोजतच नाही. त्यामुळे नायट्रोजन कोठूनही आला तरी तो प्रथिन म्हणून नोंदवला जातो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. या गणिताने १ किलो युरिया म्हणजे जवळजवळ २ किलो ९०० ग्रॅम ‘प्रथिन’ ठरते. मासळीच्या भुकटीत युरिया मिसळण्याचे प्रकार याच पळवाटेमुळे घडतात, आणि चीनमध्ये २००८ मध्ये दुधात मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळले गेले त्यामागेही हीच युक्ती होती. पर्यायी प्रथिनांच्या जाहिरातीतले आकडे वाचताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते. कीटकांच्या बाबतीत ती पुन्हा आडवी येणार आहे.

आता पर्यायांकडे वळू. सर्वांत मोठा पर्याय केव्हाच आलेला आहे, आणि तो म्हणजे सोयाबीनची पेंड. तिच्यात ४४ ते ४८ टक्के प्रथिने असतात, ती वर्षभर मिळते, भुकटीपेक्षा दुपटी-तिपटीने स्वस्त पडते, आणि सोयाबीन तर लातूरपासून विदर्भापर्यंत आपल्याच शेतकऱ्यांचे पीक आहे. नॉर्वेमध्ये १९९० साली सामन माशाच्या खाद्यात सुमारे ६५ टक्के मासळीची भुकटी आणि २४ टक्के मासळीचे तेल असे. २०१६ पर्यंत भुकटी साडेचौदा टक्क्यांवर आणि तेल सुमारे दहा टक्क्यांवर आले. उरलेली जागा मुख्यतः सोया प्रथिन, गव्हाचे ग्लूटेन आणि रेपसीडच्या तेलाने भरून काढली. सामन हा अट्टल मांसाहारी मासा. त्याच्या खाद्यात एवढा बदल झाला आणि तरी उद्योग वाढत राहिला, यावरून वनस्पतिजन्य प्रथिनांची ताकद कळते.

पण वनस्पती आपले बी माशासाठी बनवत नाही. बी खाणाऱ्या प्राण्याला ते पचू नये अशी तजवीज तिने केलेली असते. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे पदार्थ असतात; योग्य उष्णता दिल्यावर ते नष्ट होतात, मात्र जास्त तापवले तर लायसिनच बिघडते. त्यातली सॅपोनिने उष्णतेला दाद देत नाहीत आणि सामनसारख्या माशाच्या आतड्याला सूज आणतात. ती काढून टाकून केलेले सोया प्रथिनाचे सांद्र रूप चालते, पण ते महाग पडते. बियांमधला बराचसा फॉस्फरस फायटेट या रूपात बांधलेला असतो. तो माशाला पचत नाही, विष्ठेतून पाण्यात जातो आणि शेवाळ माजवतो. फायटेज हे विकर खाद्यात मिसळले की हा फॉस्फरस बराच मोकळा होतो. शेंगदाण्याच्या पेंडीला दमट हवेत बुरशी लागून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हा धोका अजिबात लहान नाही. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल हा विषारी पदार्थ असतो. त्याशिवाय सोयाबीन मिथिओनिनमध्ये कमी असते, ते वेगळे घालावे लागते. या सगळ्या अडचणींवर उपाय आहेत, पण प्रत्येक उपायाला खर्च आहे, आणि स्वस्त म्हणून घेतलेली पेंड शेवटी तितकी स्वस्त राहत नाही.

ज्या पर्यायाकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते तो मला सर्वांत जवळचा वाटतो. मासळीच्या प्रक्रियेत निघणारा टाकाऊ भाग हा तो पर्याय. कोळंबी सोलली की डोके आणि कवच मिळून तिच्या वजनाचा ४० टक्क्यांच्या आसपास भाग बाजूला पडतो. मासा साफ करून फक्त मांसाचे काप काढले तर निम्म्याहून अधिक मासा डोके, काटा, कातडे आणि आतडी या रूपात उरतो. तळोजा औद्योगिक वसाहतीत मासळी प्रक्रिया करून निर्यात करणारे कारखाने आहेत. शिवाय शहरातल्या प्रत्येक मासळीबाजारात रोज कापणीतून असा माल निघतो. हे सगळे मासळीचेच प्रथिन आहे, त्याचा अमिनो आम्लांचा मेळ माशाला मानवणारा आहे आणि त्यासाठी समुद्रातून एकही जादा मासा काढावा लागत नाही. २०२२ मध्ये जगातली सुमारे ३४ टक्के भुकटी आणि ५३ टक्के मासळीचे तेल अशाच उपपदार्थांपासून बनले होते. म्हणजे हे प्रयोगशाळेतले स्वप्न नव्हे, चालू असलेला व्यवसाय आहे.

अडचण वेळेची आहे. ठाण्याच्या हवेत मासळीचे आतडे काही तासांत कुजू लागते, आणि कुजलेल्या मालातून चांगली भुकटी होत नाही. भुकटीचा कारखाना घालायचा तर रोज मोठा आणि एकसारखा माल लागतो. लहान प्रमाणावर यावर एक सोपा मार्ग आहे, तो म्हणजे ॲसिड घालून मुरवण्याचा. माल बारीक करून त्यात वजनाच्या सुमारे ३ टक्के फॉर्मिक ॲसिड मिसळायचे. त्यामुळे सामू चारच्या आसपास येतो, कुजवणारे जिवाणू थांबतात, पण माशाच्या आतड्यातलीच पाचक विकरे काम करत राहतात आणि काही दिवसांत सगळा लगदा पातळ होतो. उष्णता लागत नाही, दुर्गंधी सुटत नाही आणि हे मिश्रण बराच काळ टिकते. ते कोंड्यात किंवा पेंडीत मिसळून वाळवता येते. फॉर्मिक ॲसिड मात्र कातडी आणि डोळ्यांना घातक आहे, त्यामुळे हातमोजे आणि चष्म्याशिवाय हे काम करू नये. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने बाजारातल्या मासळीच्या टाकाऊ भागापासून ‘प्लँक्टन प्लस’ नावाचे उत्पादन तयार केले आहे. ते तळ्यात घातल्यावर माशांचे नैसर्गिक खाद्य असलेले सूक्ष्म प्लवंग वाढतात. एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे लागते. कोळंबीची डोकी नीट न शिजवता कोळंबीलाच घातली तर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे विषाणू तळ्यात पोचू शकतात, म्हणून एका जातीचा टाकाऊ भाग त्याच जातीला घालणे टाळलेले चांगले.

आणि आता ज्याची सध्या सर्वांत जास्त चर्चा होते तो पर्याय, म्हणजे कीटक. नवी मुंबईतल्या ज्या गृहसंकुलांत ओल्या कचऱ्याचे खत केले जाते, तिथल्या टोपल्यांत अनेकांनी एक चपटी, खरबरीत, मळकट पांढऱ्या रंगाची अळी पाहिलेली असते. मोठी झाली की ती काळपट तपकिरी होते. रहिवासी घाबरून औषध मारायला सांगतात. बहुतेक वेळा ती ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीची अळी असते. ही माशी घरमाशीसारखी जेवणावर बसत नाही, चावत नाही, कारण प्रौढ अवस्थेत ती जवळजवळ काही खातच नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर ती काही दिवस जगते, मिलन करते, पाचशेच्या आसपास अंडी घालते आणि मरते. खाण्याचे सगळे काम अळी करते. अंड्यातून बाहेर आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ती ओला कचरा फस्त करून पूर्ण वाढते. कोषात जाण्यापूर्वी ती आपण होऊन ओलाव्यातून बाहेर पडून कोरडी, अंधारी जागा शोधत वर चढते. पेटीला उतरती भिंत आणि बाहेर पन्हळ ठेवली की अळ्या स्वतःच चालत येऊन डब्यात पडतात.

वाळलेल्या अळीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि त्याखालोखाल चरबी असते, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. इथे केल्डालचे गणित आडवे येते. अळीच्या त्वचेत कायटिन असते, म्हणजे कोळंबीच्या कवचात असते तेच. कायटिनमध्ये नायट्रोजन असतो, पण ते प्रथिन नव्हे. म्हणून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या अळ्यांसाठी ६.२५ ऐवजी ४.७६ हा गुणक सुचवला गेला. त्या गुणकाने ४० टक्के प्रथिनांचा आकडा तिसाच्या आसपास येतो. अळी वाईट ठरते असे नाही, चरबी काढून घेतल्यावर उरलेल्या पिठात प्रथिनांचे प्रमाण पुन्हा चांगले वाढते. पण किंमत ठरवताना कोणता गुणक वापरला आहे, हे विचारलेच पाहिजे. अनेक माशांवरच्या चाचण्यांत मासळीच्या भुकटीचा चौथा हिस्सा ते निम्मा भाग अळीच्या पिठाने बदलला तरी वाढीत फरक पडलेला नाही. त्यापुढे मात्र माशाच्या जातीनुसार निकाल बदलत जातात. युरोपीय संघाने जुलै २०१७ पासून सात कीटकांच्या प्रथिनांना माशांच्या खाद्यात परवानगी दिली आहे.

हवामानाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. या अळीला २७ ते ३० अंश तापमान सर्वांत मानवते. युरोपात त्यासाठी इमारत तापवावी लागते, आपल्याकडे ती ऊब फुकट मिळते. फ्रान्समधल्या इन्सेक्ट या कंपनीने पिठातल्या किड्याच्या पालनासाठी प्रचंड भांडवल उभारून मोठा कारखाना घातला आणि २०२४ मध्ये तिला घेणेकऱ्यांपासून न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले. किडे वाढवणे जमले, पण मासळीच्या भुकटीच्या भावाशी स्पर्धा जमली नाही. आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. नवी मुंबईच्या घाऊक बाजार आवारात रोज फळभाज्यांचा प्रचंड कचरा निघतो आणि तो अळ्यांना घालावा, असे कोणालाही सुचेल. पण पालेभाज्यांत नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणी असते आणि प्रथिने नगण्य. निव्वळ भाजीपाल्यावर अळी हळू वाढते आणि रोड राहते. तिला सोबत कोंडा, हॉटेलातले उरलेले अन्न किंवा मद्यार्क कारखान्यातला चोथा द्यावा लागतो. अळी प्रथिन निर्माण करत नाही, विखुरलेले प्रथिन गोळा करून देते, एवढे लक्षात ठेवले की अवास्तव अपेक्षा राहत नाहीत. शिवाय मिसळलेला शहरी कचरा घातला तर त्यातले कॅडमियमसारखे जड धातू अळीच्या अंगात साठतात आणि तिथून माशात येऊ शकतात. म्हणून वर्गीकरण केलेला, कुठून आला ते माहीत असलेला ओला कचराच वापरला पाहिजे. अळ्या वाळवायला ऊर्जा लागते, आणि पावसाळ्यात तर फारच. ज्याच्या घरामागेच तळे आहे त्याने ताज्या अळ्या थेट माशांना घालणे हाच सर्वांत स्वस्त मार्ग.

जिवाणू आणि यीस्टपासून प्रथिन बनवण्याची कल्पना नवी वाटते, पण ती पन्नास वर्षांपूर्वीची आहे. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने मिथेनॉलवर जिवाणू वाढवून ‘प्रुटीन’ नावाचे पशुखाद्य बनवले आणि १९८० च्या सुमारास बिलिंगहॅम इथे त्यासाठी अवाढव्य किण्वन टाकी उभारली. त्यात ७० टक्क्यांहून अधिक प्रथिने होती, तंत्रज्ञान उत्तम होते, पण सोयाबीन स्वस्त राहिले, इंधन महागले आणि प्रकल्प बंद पडला. आज मिथेन वायूवर वाढणाऱ्या मिथायलोकॉकस जिवाणूपासून हेच काम पुन्हा होत आहे; बंगळुरूची स्ट्रिंग बायो ही कंपनीही त्यात आहे. शेतजमीन आणि पावसावर हे प्रथिन अवलंबून नाही, हा त्याचा मोठा गुण. आणखी एक गुण माशाच्या बाजूचा आहे. जिवाणू आणि यीस्टमध्ये न्यूक्लिइक आम्ले फार असतात. माणसाने ती जास्त खाल्ली तर युरिक ॲसिड वाढून सांधे धरतात. माशाच्या यकृतात मात्र युरिक ॲसिड मोडणारे विकर कार्यरत असते, त्यामुळे माणसाला न झेपणारे हे अन्न माशाला बऱ्यापैकी झेपते. भाव जमला तर या पर्यायाला भवितव्य आहे, पण तो भाव इंधन वायूच्या दराशी बांधलेला राहील.

प्रथिनाचा प्रश्न सुटला तरी तेलाचा उरतो, आणि तो बहुधा अधिक कठीण आहे. मासळी हृदयाला चांगली म्हणतात ती ईपीए आणि डीएचए या लांब साखळीच्या ओमेगा-३ मेदाम्लांमुळे. सोयाबीनमध्ये ती नसतात, अळीतही जवळपास नसतात. अळीची चरबी बरीचशी खोबरेल तेलासारखी, लॉरिक ॲसिडची असते. स्कॉटलंडमधल्या पाळीव सामनमध्ये २००६ ते २०१५ या काळात ही मेदाम्ले निम्म्यावर आली, कारण खाद्यात वनस्पतीचे तेल वाढले. यावर उत्तर समुद्री सूक्ष्मजीवांकडे आहे. माशाच्या अंगातले ओमेगा-३ मुळात सूक्ष्म शेवाळातूनच आलेले असते. शेवाळासारखा शायझोकायट्रियम हा सूक्ष्मजीव साखरेवर, टाक्यांत वाढवून त्याचे तेल काढणे आज व्यापारी पातळीवर चालू आहे. स्पिरुलिना या सूक्ष्म शेवाळात ६० टक्क्यांहून अधिक प्रथिने असली तरी तिच्या किमतीमुळे ती रोजच्या खाद्यात परवडत नाही.

इतके पर्याय पाहिल्यावर मला एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती खाद्याच्या कारखान्यात ठरत नाही. कोणता मासा पाळायचा, ही ती गोष्ट. रोहू, कटला, मृगळ हे प्लवंग, शेवाळ आणि कुजका पालापाचोळा खाणारे मासे आहेत. त्यांना २५ ते ३० टक्के प्रथिनांचे खाद्य पुरते, आणि भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड यांच्यावर देशभरातल्या तळ्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या वाढत आले आहेत. तळ्यात शेण आणि खत घालून प्लवंग वाढवले तर त्यांच्या अन्नाचा मोठा भाग पाण्यातच तयार होतो. चिलापीचेही तसेच, आणि आपल्या खाडीतली बोय तर गाळातले शेवाळ आणि सेंद्रिय अंश चाळून खाते. शहापूर-मुरबाडकडच्या शेततळ्यात असा मासा पाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी ‘मासळीच्या भुकटीला पर्याय काय’ हा प्रश्नच उद्भवत नाही. त्याला चांगली, बुरशी न लागलेली पेंड आणि पाण्याची निगा एवढेच लागते. पूरक खाद्य म्हणून अझोला हे पाण्यावर तरंगणारे नेचेही चालते; तो वाळवून मोजला तर त्यात २० ते २५ टक्के प्रथिने असतात, आणि घरच्या घरी थोड्या पाण्यात तो वाढवता येतो.

अडचण अशी की आपल्या जिभेला हे मासे फारसे आवडत नाहीत. ठाणे-पनवेलच्या खवय्याला हवा असतो जिताडा, आणि जिताडा पक्का मांसाहारी. त्याला ४० टक्क्यांहून अधिक प्रथिनांचे खाद्य लागते, आणि परंपरेने तर बारीक मासळी कापूनच घातली जाते. १ किलो जिताड्यासाठी अशी चार-पाच किलो किंवा त्याहून अधिक ओली मासळी खर्ची पडते. ज्या बारीक मासळीत बांगड्या-पापलेटची पिल्ले असू शकतात, ती अशी तळ्यात रिकामी करणे हा माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत वाईट व्यवहार आहे. आणि तो टाळता येतो. चेन्नईच्या ज्या संस्थेचा वर उल्लेख केला, तिने १९९७ मध्ये भारतात प्रथम जिताड्याचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले, त्यामुळे उबवणी केंद्रातली पिल्ले मिळू शकतात. अशा पिल्लांना लहानपणीच गोळी खाद्याची सवय लावता येते. समुद्रातून धरलेले मोठे पिल्लू ती सहजासहजी स्वीकारत नाही. सवय लावताना पिल्लांची आकारानुसार वारंवार निवड करावी लागते, नाही तर मोठे पिल्लू लहान पिल्लाला गिळते. गोळीत मग मासळीच्या टाकाऊ भागाची भुकटी, सोया प्रथिनाचे सांद्र रूप, थोडे अळीचे पीठ आणि वेगळे मिथिओनिन असे मिश्रण घालता येते. वास कमी पडतो म्हणून मासा तोंड फिरवत असेल तर वर सांगितलेल्या, मुरवून पातळ केलेल्या मासळीच्या लगद्याचा हलका थर गोळीवर दिला की तो खाद्य घेऊ लागतो. त्या लगद्याला लागणारा कच्चा माल तळोज्यात आणि दिवाळ्यात रोज निघतो. मात्र कापणी होताच तो बर्फावर ठेवणे, कोळंबीची डोकी आणि माशाची आतडी वेगवेगळ्या पिंपांत टाकणे आणि दुपारच्या आत ॲसिडमध्ये मुरवणे, एवढी व्यवस्था बाजाराच्या ठिकाणीच करावी लागेल.